यंत्राच्या किमतीत शिकण्याचे तासही धरावेत

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा येत आहे. कारखान्यात नवी मशीन किंवा कार्यालयात नवी संगणकप्रणाली आली आहे, पण ती चालवणाऱ्या माणसांची तयारी झालेली नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातून आलेली अशी चार पत्रे या अंकासाठी घेतली आहेत. जागेअभावी ती थोडक्यात दिली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली आहेत.

प्रश्न : भोसरी औद्योगिक वसाहतीत माझे २६ माणसांचे मशीनशॉप आहे. वडिलांनी ते चार लेथवर सुरू केले होते. सव्वा वर्षापूर्वी बँकेचे कर्ज काढून मी संगणकाच्या आज्ञांवर चालणारी दोन सीएनसी टर्निंग सेंटर (लेथ) आणि एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचे मिलिंग यंत्र) घेतली. मशीन देणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने तीन दिवस येऊन शिकवले. आज आयटीआय झालेली दोन मुले जॉब लावतात आणि काढतात, पण ऑफसेट, म्हणजे मापातली दुरुस्ती, मशीन जुळवून देणारा एकटा सेटरच देतो. तो रजेवर गेला की मशीन उभी राहते. जुने तिन्ही टर्नर त्या बाजूला फिरकतही नाहीत. हप्ते चालू आहेत आणि उत्पादन अपेक्षेच्या निम्मेही नाही. नवीन माणसे घ्यावीत की आहेत त्यांनाच शिकवावे?

उत्तर : आहेत त्यांनाच शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या पत्रात कर्ज आहे, हप्ता आहे, अपेक्षित उत्पादनही आहे. पण ही मशीन शिकायला कोणाला किती तास लागतील आणि त्या तासांत बुडणारे उत्पादन कसे भरून निघेल, याचा हिशेब कुठेही नाही. तो मशीनची ऑर्डर देतानाच मांडायला हवा होता. तो आजही मांडता येईल, परंतु तो न मांडता नवीन माणसे घेतलीत, तर वर्षभराने तीही त्याच एका सेटरच्या तोंडाकडे बघत उभी राहतील.

नवे साधन आणल्यावर उत्पादन लगेच वाढत नाही, हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही. कारखान्यांत वीज आली तेव्हाही असेच झाले होते. त्याआधी कारखान्यात वाफेचे एकच मोठे इंजिन असे, छताजवळून लांबलचक शाफ्ट फिरत असे आणि त्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळत असे. अमेरिकेतल्या अनेक कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली, पण शाफ्ट, पट्टे आणि यंत्रांची मांडणी जुनीच ठेवली, त्यामुळे फायदा फारसा दिसेना. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर लागली आणि कामाच्या ओघाप्रमाणे यंत्रे नव्याने मांडली गेली, तेव्हा कुठे १९२० च्या दशकात उत्पादकता ठळकपणे वाढली. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली संगणकाच्या संदर्भात हा इतिहास मांडला होता. तुमच्या शॉपमध्ये सीएनसी आली आहे, पण कामाची वाटणी चार लेथच्या काळातलीच आहे.

आता तुमच्या तीन टर्नरविषयी. मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात होतो, तेव्हा आमच्याकडे पहिली सीएनसी लेथ आली. सकाळच्या पाळीत पहिले पंधरा-वीस जॉब मापात येत नसत आणि मग माप आपोआप स्थिर होई. तरुण ऑपरेटर दर दोन जॉबमागे ऑफसेट बदलत आणि थोड्या वेळाने तोच उलटा फिरवत. तीस वर्षे लेथवर काढलेले आमचे एक टर्नर दोन दिवस नुसते शेजारी उभे राहून हे बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हेडस्टॉकवर, म्हणजे जॉब फिरवणारा स्पिंडल ज्यात असतो त्या भागावर, तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘‘मशीन अजून थंड आहे. आधी वीस मिनिटं रिकामी फिरवा, मग जॉब लावा.’’ स्पिंडल तापत असताना त्याची जागा काही मायक्रॉनने सरकते आणि म्हणून मशीन आधी गरम करून घ्यावी, हे नंतर आम्हाला मशीनच्या पुस्तकातही सापडले. त्यांना ते हाताला कळले होते. पडद्यासमोरचे एकही बटण त्यांना तेव्हा येत नव्हते. टूल बोथट होऊ लागल्याचा आवाज, चिपचा बदललेला रंग, पातळ जॉब चकमध्ये किती आवळला की दबतो, हे ज्याला येते त्याला बटणे शिकवणे काही आठवड्यांचे काम आहे. ज्याला फक्त बटणे येतात त्याला हे सारे शिकवायला वर्षे लागतात. म्हणून मी जुन्यांची बाजू घेतो.

शिकवायचे कसे, हे एकाच उदाहरणाने सांगतो, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. वेअर ऑफसेट घ्या, म्हणजे टूल झिजल्याने मापात पडलेला फरक भरून काढण्यासाठी मशीनला द्यायचा आकडा. बाहेरचा व्यास २५.०० मिमी हवा आहे आणि मायक्रोमीटरवर २५.०४ आला, तर एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०४ मिळवायचे; आतले बोअर (भोक) ०.०४ ने लहान आले, तर अधिक ०.०४ मिळवायचे. ऐकायला हे सोपे आहे, पण नवा माणूस तीन जागी चुकतो. तो चिन्ह उलटे टाकतो. तो ०.०४ ऐवजी ०.४ टाकतो. आणि तिसरी जागा अशी की अनेक कंट्रोलरवर ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ अशी दोन वेगळी बटणे असतात. पहिले दाबले की आधीचा आकडा जाऊन नवा बसतो, दुसरे दाबले की आधीच्या आकड्यात भर पडते, हे त्याला कोणी नीट सांगितलेलेच नसते. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात ही गोष्ट अर्ध्या वाक्यात येऊन जाते आणि पुढे कित्येक महिने रिजेक्शनच्या पेटीत दिसत राहते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम राबवला गेला आणि युद्धानंतर जपानी कारखान्यांनी तो आपलासा केला. त्यातली शिकवण्याची रीत मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. आधी शिकणाऱ्याच्या मनावरचा ताण उतरवायचा आणि त्याला काय येते ते विचारून घ्यायचे. मग काम करून दाखवताना प्रत्येक पायरी, त्या पायरीतली खुबी आणि त्या खुबीमागचे कारण सांगायचे. त्यानंतर त्याच्या हातून काम करून घ्यायचे आणि खुबी व कारण त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. शेवटी त्याला एकट्याने काम करू द्यायचे आणि अधूनमधून येऊन बघायचे. तुमच्या शॉपमध्ये करून दाखवण्यापलीकडे गोष्ट जात नसावी, असे पत्रावरून दिसते. टर्नरच्या हातून ऑफसेट चुकणार हे गृहीत धरून सुरुवातीला भंगारातल्या तुकड्यांवर सराव द्या. चाळिशी लागलेल्या माणसाला पडद्यावरचे बारीक आकडे दिसतात का, हेही आधी पाहून घ्या. ‘मला नको ती मशीन’ म्हणणाऱ्या एका गृहस्थांची खरी अडचण चष्म्याचा नंबर ही होती, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले होते.

यासाठी प्रत्येक टर्नरला आठवड्यातून दोन तास पुरेत, पण ते तास पाळीच्या वेळेत आणि पूर्ण पगारी असावेत. गुरुवारच्या सुट्टीला बोलावून शिकवू नका. सुट्टी घालवून आलेल्या माणसाला ते शिक्षण शिक्षेसारखे वाटते. मशीन आठवड्याला सहा तास उभी राहते याचे तुम्हाला वाईट वाटेल, पण सेटर तापाने पडला तर ती आठवडाभर उभी असते.

सेटरशी मात्र तुम्ही स्वतः बसून बोलले पाहिजे. सगळ्यांना ऑफसेट देता आला तर आपली गरज काय उरली, ही भीती त्याच्या मनात असणार आणि ती रास्त आहे. त्याच्या खिशात जॉबवार टूल, स्पीड, फीड आणि फिक्श्चरच्या (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याच्या) खुणा लिहिलेली एखादी तेलकट वही नक्की असेल. ती मागून घेऊ नका. शिकवण्याचा वेगळा भत्ता आणि ‘सेटर-प्रशिक्षक’ असे पद लेखी देऊन त्याच्याच हातून ती सर्वांसाठी उतरवून घ्या. भिंतीवर कौशल्यांचा तक्ता लावलात तर प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचे वर्तुळ काढतात तसे काढा आणि चौथा भाग ‘दुसऱ्याला शिकवू शकतो’ याच अर्थाने रंगवा. पगारवाढीच्या वेळी तो भाग मोजला जातो, हे सगळ्यांना दिसले पाहिजे.

नवी मुले हवीच असतील तर शिकाऊ उमेदवार घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना ते घेणे बंधनकारक आहे. तुमच्यासारख्या लहान आस्थापनांना स्वेच्छेने घेता येतात आणि २०१६ पासूनच्या केंद्रीय योजनेतून त्यांच्या विद्यावेतनाचा काही भागही मिळतो. मात्र त्यांना तुमच्या जुन्या टर्नरच्या हाताखालीच ठेवा.

प्रश्न : बाणेरमध्ये आमचे ६० जणांचे सेवा-कार्यालय आहे. सर्वांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांचे वार्षिक सदस्यत्व घेतले, पण सहा महिन्यांत जेमतेम पाच-सहा जणांनी एखादा अभ्यासक्रम पूर्ण केला. सक्ती करावी का?

उत्तर : करू नका. सक्ती केली की चित्रफीत एका खिडकीत चालू राहते आणि माणूस दुसऱ्या खिडकीत काम करतो. गटप्रमुखांना एकच विचारा : येत्या तीन महिन्यांत तुमच्या गटाला कोणते काम आज जमत नाही? त्या कामापुरता अभ्यासक्रम निवडा, दोघांना तो कार्यालयीन वेळेत करू द्या आणि संपताच तेच काम त्यांच्या हाती द्या. शिकलेले पंधरा दिवसांत वापरले गेले नाही तर ते राहत नाही. सदस्यत्वाचे नूतनीकरण करण्याआधी एवढा प्रयोग जरूर करावा.

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी कामगार संघटनेचा पदाधिकारी आहे. आमच्या वेल्डिंग लाइनवर रोबो येणार असल्याचे कानावर आले आहे. व्यवस्थापन अधिकृतपणे काही सांगत नाही. चाळीस वेल्डर काळजीत आहेत. रोबोला विरोध करावा, असा काहींचा आग्रह आहे. आम्ही नेमके काय मागावे?

उत्तर : न सांगता यंत्र आणणे ही व्यवस्थापनाची मोठी चूक आहे, हे आधी नमूद करतो. चाळीस माणसे महिनोन्‌महिने काळजीत काम करत असतील, तर त्याचा परिणाम वेल्डवर दिसतोच.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. ज्या यांत्रिक सुधारणेमुळे कामगारकपात होण्याची शक्यता आहे, तिच्यासाठी २१ दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. त्याच संहितेत कामगारांच्या पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम त्यात भरायची असते. ही तरतूद चांगली असली तरी ती नोकरी गेल्यानंतरची आहे. तुम्ही नोकरी असतानाचे शिक्षण मागितले पाहिजे, आणि तेही रोबोची जागा आखली जात असतानाच.

विरोधाच्या मागणीपेक्षा ही मागणी अधिक बळकट आहे, कारण तिला कामाचा आधार आहे. रोबो तेच वळण हजार वेळा अचूक घेतो, पण साधा रोबो दोन पत्र्यांमध्ये पडलेली फट बघत नाही. प्रेसमधून आलेला भाग दीड मिलिमीटर वाकडा असला तर तुमचा वेल्डर मनगट किंचित फिरवून, वेग कमी करून ती फट भरून घेतो. रोबो ठरलेल्या रेषेवरून जातो आणि वेल्ड एका बाजूला पडतो. टॉर्चचा कोन, वायरची बाहेर राहणारी लांबी, गॅसचा प्रवाह, करंट आणि वेग यांचा मेळ कसा बसतो हे ज्याने काचेआडून डोळ्यांनी पाहिले आहे, तोच रोबोला बिंदू चांगले शिकवू शकतो. टीच पेंडंट, म्हणजे रोबोला ते बिंदू शिकवण्याचे हातातले यंत्र, धरायला शिकणे अवघड नाही. चांगला वेल्ड कसा दिसतो, हे शिकणे अवघड आहे, आणि ते तुमच्या माणसांना आधीच येते.

त्यामुळे लेखी मागा : रोबो सेलवर (रोबोच्या कामाच्या जागी) ऑपरेटर, प्रोग्रॅमर, फिक्श्चर आणि तपासणी यांसाठी किती जागा निर्माण होणार आणि त्यांत सध्याच्या वेल्डरना प्राधान्य मिळणार का, रोबो पुरवणाऱ्या कंपनीकडे प्रशिक्षणाला किती वेल्डर जाणार, आणि शिकण्याच्या काळात उत्पादनाशी जोडलेला भत्ता बुडणार नाही याची हमी. ही तिसरी बाब बोलणीत अनेकदा सुटते आणि नंतर तिच्यापायीच लोक प्रशिक्षणाला जायचे टाळतात. चाळीसपैकी काहींनाच त्या सेलवर जागा मिळेल, हे सभासदांना आजच प्रामाणिकपणे सांगा. उरलेल्यांसाठी दुरुस्ती वेल्डिंग, लहान संख्येचे जॉब आणि इतर विभागांतली कामे कोणती, याची यादी बोलणीच्या पहिल्याच दिवशी टेबलावर असू द्या.

प्रश्न : सदाशिव पेठेतल्या एका पतसंस्थेत मी २७ वर्षे नोकरी करते. वय ५१. खतावण्या, व्याजाची आकारणी, तेरीज (जमा-नावे शिल्लकांचा ताळा) हे सगळे मी हाताने केले आहे. आता नवी प्रणाली आली आहे. तरुण सहकारी फार भरभर दाखवतात. पुन्हा विचारले की ‘‘काकू, मघाशीच सांगितलं ना’’ म्हणतात, म्हणून आता विचारायची लाज वाटते. घरी येऊन रडू येते. या वयात हे जमेल का?

उत्तर : जमेल. तुम्ही जे लिहिले आहे त्यात शिकवण्याचा दोष आहे, शिकणारीचा नाही. एकदा पाहिलेली गोष्ट उजळणी झाली नाही तर तास-दोन तासांतच बरीचशी विसरते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, आणि तेव्हा ते पस्तिशीतले होते. ‘मघाशी सांगितलेले’ न आठवणे हा वयाचा पुरावा नाही.

सहकाऱ्यांना उद्यापासून एक विनंती करा : ‘‘माउस माझ्या हातात असू दे, तू फक्त तोंडाने सांग.’’ एवढ्या एका बदलाने फार फरक पडतो. एका दिवशी एकच व्यवहार घ्या. बचत खात्यातला भरणा घेतला, तर तो पूर्ण होईपर्यंत मुदत ठेव किंवा कर्जाचा हप्ता मागे ठेवा. प्रत्येक व्यवहारासाठी वहीचे एक पान करा आणि त्यावर पडद्यावरची नावे जशीच्या तशी, पण पुढची सूचना तुमच्या शब्दांत लिहा. प्रणालीची सरावासाठी वेगळी प्रत असते का, हे शाखाधिकाऱ्यांना विचारा. बहुधा असते, आणि तिथे चुकले तरी कोणाच्या खात्याला धक्का लागत नाही. चुकण्याची भीती गेली की हात मोकळा होतो.

मराठी टंकलेखनाचा त्रास होत असेल तर तोही वेगळा काढा. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रे दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडतात, ही पुण्यातल्या कितीतरी कार्यालयांतली रोजची तक्रार आहे आणि तिचा तुमच्या कौशल्याशी संबंध नाही. युनिकोड वापरले की ती मिटते. टंकलेखन यंत्राच्या कळफलकाची सवय असेल तर संगणकावर रेमिंग्टन पद्धतीचा कळफलक मिळतो. नव्याने शिकायचे असेल तर इनस्क्रिप्ट घ्यावा, कारण त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी रचना असल्याने तो लवकर बसतो.

आता तुमच्याजवळ जे आहे त्याविषयी. राष्ट्रीयीकृत बँकांत संगणक येऊ लागले, तेव्हा १९८३ चा संघटनांबरोबरचा करार आणि बँकांच्या संगणकीकरणावरचा १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल या दोन टप्प्यांवर खूप चर्चा झाली होती, आणि खतावणी लिहिणाऱ्यांची भीती तेव्हाही हीच होती. परंतु खतावणीतल्या शिल्लका संगणकात चढवून जुळवायच्या असतात, आणि आकडा पाहताच ‘हे चुकले आहे’ असे म्हणणारा माणूस त्यासाठी लागतो. दिवसाखेरीस प्रणालीने काढलेले व्याज बरोबर आहे का, नावे बाजूची नोंद जमेला गेली आहे का, हे तुमच्या तरुण सहकाऱ्यांना कळते का? प्रणालीत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, अशी दुहेरी रचना असते. ती तपासणी तुमच्याकडे यावी, असे शाखाधिकाऱ्यांना सुचवा, आणि त्याबदल्यात रोज दुपारी ग्राहकांची वर्दळ कमी झाली की अर्धा तास एका सहकाऱ्याने तुमच्याशेजारी बसावे, ही मागणी ठेवा. तो अर्धा तास तुम्ही त्याच्याकडून पडदा शिका आणि त्याला तेरीज जुळवायला शिकवा. हे पत्र शाखाधिकाऱ्यांना दाखवायचे असेल तर अवश्य दाखवा.